शेवटच्या शुक्रवारची सफाई

१

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अण्णांची फाइल नाहीशी झाल्याचं कळलं, आणि साडेनवाच्या आत सगळ्यांनी गुन्हेगारही ठरवून टाकला. या कचेरीत मोडकी खुर्ची बदलून मिळायला दोन महिने लागतात, पण माणसाला सुळावर चढवायचं म्हटलं की वीस मिनिटं पुरतात.

कचेरी चौथ्या मजल्यावरची, माणसं तीस. काम एकच. दवाखान्यात रोग्याच्या शिरेत थेंबाथेंबाने औषध सोडणारा पंप असतो ना, त्याचा प्रोग्रॅम लिहायचा. किती थेंब, किती वेळाने, हे जी फाइल ठरवायची तिचं नाव ‘थेंब’. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी तिच्यात नवं गणित बसवायचं होतं, आणि ते काम आठ महिने अण्णांकडे होतं. अण्णा इथले सगळ्यात जुने. अर्ध्या कचेरीला त्यांनीच बोट धरून शिकवलेलं. तीन आठवड्यांपूर्वी, एका बुधवारी सकाळी, घरी बुटाची नाडी बांधायला म्हणून ते खाली बसले ते उठलेच नाहीत.

आता इथली रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही उमगायचं नाही. सगळ्या फायली एका भांडारात असतात. काम करायचं तर फाइल आपल्या नावावर काढायची. मग परत जमा करेपर्यंत दुसऱ्या कुणाला तिला हात लावता येत नाही. मूळ प्रत भांडारात सुखरूप राहते, आपण खाडाखोड करतो ती आपल्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीवर. भांडारात काय आहे याची जबाबदारी कंपनीची, आपल्या टेबलावर काय आहे याची आपली. लोक काय, हौसेने फायली काढतात आणि विसरून जातात. म्हणून महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी भांडाराची राखण करणारा भांडारी ‘सफाई’ नावाचा प्रोग्रॅम लावायचा. सफाई प्रत्येकाची प्रत मूळ प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून बघते. एका टिंबाचा जरी फरक असला तरी हात लावत नाही. काहीच फरक नसला तर ती प्रत फेकून देते आणि फाइल मोकळी करते. ज्यात कुणी काही केलंच नाही ते सांभाळायचं कशाला, एवढा साधा विचार.

या शुक्रवारी सफाईने अण्णांचीच प्रत फेकली होती.

“आठ महिन्यांचं काम!” साहेबांचा आवाज काचेच्या खोलीतून बाहेर येत होता. “आठ महिने तो माणूस त्या खिडकीजवळ बसून टाइप करत होता. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आणि तू म्हणतोस फरक नव्हता?”

“सफाईने सांगितलं ते मी सांगतोय, साहेब,” भांडारी म्हणाला. बावीस वर्षं भांडार सांभाळणारा माणूस तो.

“मग तुझी सफाई आंधळी आहे. अण्णांची शेवटची आठवण होती ती. आम्ही आज ती पुढे न्यायला घेणार होतो.” साहेबांनी टेबलावरचा कागद त्याच्याकडे सरकवला. “बुधवारी दुपारी यावर सही करीन. त्याआधी फाइल सापडली तर ठीक. नाहीतर तू तुझ्या घरी.”

बाहेर सगळे मान खाली घालून कीबोर्ड बडवत होते. उठली ती एकटी चाळणी. फायली तपासायचं काम तिचं, आणि हे नावही अण्णांनीच ठेवलेलं. हिच्यातून खडा सुटायचा नाही, म्हणायचे. दार न वाजवताच ती आत शिरली.

“साहेब, चोर सोडून संन्याशाला फाशी नको. बुधवारपर्यंत मला बघू द्या.”

“बघा की,” साहेब म्हणाले. त्यांचेही डोळे लाल होते. “पण बाई, एक सांगतो. तुम्ही याला वाचवायला निघालाय, आणि जे सापडेल ते तुम्हाला आवडेलच असं नाही.”

ते सहज म्हणून गेले होते. त्यांना स्वतःला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

२

भांडारीच्या खोलीला खिडकी नव्हती. त्याने सफाईची नोंद पडद्यावर काढली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

“वाच, ताई. मला नको वाटतं.”

चाळणीने वाचलं. फाइल थेंब. नाव अण्णांचं. मूळ प्रतीशी फरक नाही. प्रत काढून टाकली. खाली आणखी एक ओळ होती, सफाई नेहमीच नोंदवते ती: या प्रतीला शेवटचा हात लागला मंगळवारी, पाच वाजून बावीस मिनिटांनी. अण्णांचा कामाचा शेवटचा दिवस तो.

“शेवटच्या संध्याकाळी कुणीतरी हात लावलाय,” ती म्हणाली. “आणि तरी फरक नाही?”

“सफाई तारीख बघत नाही गं. अक्षरं बघते.”

चाळणी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवणारी नव्हती, भांडारीच्याही नाही. तिने एक फाइल स्वतःच्या नावावर काढली, शेवटच्या ओळीत एक मोकळी जागा वाढवली. डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हती. भांडारीला सफाई लावायला सांगितली. सफाईने फाइलला हात लावला नाही. मग तिने ती जागा काढली आणि पुन्हा लावायला सांगितली. फाइल गेली. असं तिने अकरा वेळा केलं.

“पटलं?” भांडारीने विचारलं.

“सफाई खोटं बोलत नाही. म्हणजे शुक्रवारी अण्णांच्या कॉम्प्युटरवर होती ती जुनी मूळ प्रतच होती. मंगळवारी पाच बावीसला त्यांच्या कामावर कुणीतरी भांडारातली प्रत पुन्हा उतरवली. काम पुसलं गेलं ते तेव्हा. तुझ्या सफाईने नंतर नुसता केर काढला.”

भांडारी खाली बसला. सुटल्याचा आनंद त्याच्या तोंडावर अजिबात नव्हता.

“असं कोण करील? मूळ प्रत उतरवायला येतं तरी किती जणांना! मलाच ते अण्णांनी शिकवलं. आणि शिकवून मोकळे झाले नाहीत हो, वरचेवर परीक्षा घ्यायचे. पाच वाजले की खिडकीजवळून हाक यायची, ‘काय रे, मूळ प्रत पुन्हा आपल्या प्रतीवर उतरवायची तर काय लिहायचं?’ मी सांगायचो. ते म्हणायचे, ‘शाब्बास.’ बावीस वर्षांनी कोण कुणाला शाब्बास म्हणतं?” तो हसायला गेला आणि त्याला रडूच आलं.

चाळणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिचं डोकं मात्र पाच बावीसवर अडकलं होतं. अण्णा साडेपाचला निघायचे. म्हणजे ते कचेरीत असताना, त्यांच्याच खुर्चीत बसून हे झालं. त्या वेळी त्यांच्या शेजारी बसणारं माणूस एकच होतं.

३

धाकटी अण्णांची शेवटची शिष्या. चार वर्षांपूर्वी आली तेव्हा कचेरीत सगळ्यात लहान म्हणून धाकटी, आणि तिच्यानंतर सहा जण येऊनही धाकटीच राहिली. साहेबांना तिच्याबद्दल विचारायचीही गरज पडली नाही. दुपारी त्यांनीच चाळणीला बाजूला घेतलं.

“पाणी कुठे मुरतंय ते सांगू? गेल्या आठवड्यात हिने बाळांच्या डोसाचं पूर्ण गणित भांडारात जमा केलं. वेगळ्या, नव्या फाइलमध्ये. चालतंय ते! आठ महिने अण्णा जे करत होते तेच. आणि अण्णा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ही सकाळी सातला येऊन त्यांचा खण उघडून गेली. दारावर नोंद आहे. आता बोला.”

चाळणी धाकटीच्या टेबलापाशी गेली आणि खुर्ची ओढून बसली.

“अण्णांचं काम चोरलंस?”

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला. “नाही, ताई.”

“त्यांच्या खणातून काय नेलंस?”

“एक वही.”

“दाखव.”

“नाही दाखवणार.”

“अगं वेडे, लोक तुला चोर म्हणतायत!”

“म्हणू देत.” ती इतकं बोलली आणि तोंडात मूग गिळून बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ओठ घट्ट मिटलेले.

आता माणूस खरं बोलत नसला तरी भांडार बोलतं. चाळणीने धाकटीच्या नव्या फाइलचा सगळा इतिहास काढला आणि संध्याकाळपर्यंत वाचत बसली. पहिली जमा चार महिन्यांपूर्वीची. त्यात चूक. दोन दिवसांनी ती चूक सुधारलेली, आणि सुधारताना नवी चूक केलेली. मग आठवडाभर काहीच नाही. मग एक चांगली कल्पना, अर्धवट. अशा एकूण त्र्याहत्तर पायऱ्या. चोर तयार माल आणतो. पडत, धडपडत, गुडघे फोडून घेत कुणी चोरी करत नाही. काम धाकटीचंच होतं, यात शंकेला जागा उरली नाही.

पण मग नवाच प्रश्न उभा राहिला. अण्णा शेजारी बसून तेच काम करत असताना या पोरीने चार महिने ते पुन्हा पहिल्यापासून का लिहिलं? आणि तेही अण्णांच्या डोळ्यांदेखत?

निघताना तिने एवढंच विचारलं, “तुला हे लिहायला सांगितलं कुणी?”

धाकटीने खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मान फिरवली.

४

मंगळवारी दुपारी चाळणी वहिनींकडे गेली. अण्णांच्या बायकोला सगळी कचेरी वहिनी म्हणायची. घर दोन खोल्यांचं, आवरलेलं. अण्णांचा चष्मा अजून टीव्हीवर होता.

“ये गं. मी उद्या येणारच होते कचेरीत, यांच्या वस्तू न्यायला.” वहिनी चहा टाकायला आत गेल्या, आणि चाळणी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात.

फळीवरच्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी होती. साखर. मीठ. चहा. अक्षर अण्णांचं, गोल गोल. कपाटावर ‘ताटल्या’. मागच्या दारावर ‘हे बाहेरचं दार नाही’.

चाळणी बघतेय हे वहिनींनी बघितलं आणि त्या हसल्या.

“यांचं खूळ! मागच्या वर्षी सुरू झालं. म्हणाले, कचेरीत सगळ्याला नावं असतात, घरात का नसावीत? मी म्हटलं, करा बाबा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी.”

“फार विसरायचे का हो, वहिनी?”

“या वयात कोण विसरत नाही? मीही विसरते.” त्यांनी साखर चिठ्ठी न बघता काढली. “कामाचं मात्र कधी विसरले नाहीत. रोज विचारायची मी, झालं का आज काही? म्हणायचे, आज पुष्कळ लिहिलं. रोज म्हणायचे, आज पुष्कळ लिहिलं.”

कप पुढे करता करता त्या थांबल्या.

“ती फाइल हरवली म्हणे. मला कुणी काही सांगत नाही, पण कळतं. हे बघ, मला त्यातलं काडीचं समजणार नाही. पण सापडली तर मला एकदा दाखव. आठ महिने यांनी माझ्याशी धड दोन शब्द बोलायलाही वेळ काढला नाही, सगळं त्या फाइलला दिलं. ते दिलं ते कुठे तरी असेल ना?”

चाळणीने कप तसाच खाली ठेवला. तिच्या मनात एक विचार आला होता, आणि तो खोटा ठरावा म्हणून ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरली.

५

काखेत कळसा म्हणतात तो असा. सगळी कचेरी पालथी घातल्यावर चाळणी शेवटी आपल्याच टेबलाशी आली.

तिच्याकडे तपासणीचं एक यंत्र होतं. कुणीही आपली प्रत सेव्ह केली की यंत्र ती उचलायचं, कॉम्प्युटरमधल्या नकली बाळांवर औषध सोडून बघायचं आणि लाल किंवा हिरवा निकाल फक्त लिहिणाऱ्याला पाठवायचं. फाइल स्वतःकडे ठेवायचं नाही, नुसता तिचा ठसा टिपून घ्यायचं: एक लांबलचक आकडा, अक्षर बदललं की बदलणारा. चाळणीला दिवसाअखेरीला प्रत्येक फाइलचा एक गोषवारा यायचा. ठसा मूळ प्रतीसारखाच असेल तर त्यावर ‘बदल नाही’ असा शिक्का. असले गोषवारे तिने फार पूर्वीच एका वेगळ्या कप्प्यात परस्पर टाकायची सोय केली होती. जे बदललं नाही ते तपासायचं कशाला?

तिने तो कप्पा उघडला. थेंब, बदल नाही. थेंब, बदल नाही. थेंब, बदल नाही. एकशे अडुसष्ट गोषवारे, एकही वाचलेला नाही. अण्णा ज्या ज्या दिवशी कचेरीत आले त्या प्रत्येक दिवसाचा एक.

मग तिने यंत्रातून दिवसभराच्या नोंदी काढल्या. सकाळी दहाला नवा ठसा, लाल. साडेअकराला आणखी वेगळा, लाल. दुपारी लाल, लाल, लाल. एका दिवशी नकली बाळाला दहापट औषध गेलेलं. आणि संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमाराला, रोज, न चुकता, ठसा पुन्हा जुना. मूळ प्रतीचा. महिन्याची सफाई दुपारी लागायची, तेव्हा प्रत बदललेली असायची, म्हणून आठ महिने ती सफाईतून सुटत गेली.

चोर एकदा येतो. एकशे अडुसष्ट वेळा, अण्णांच्या खुर्चीत बसून, अण्णांच्या समोर, कुठला चोर येणार? पाच वाजले की मूळ प्रत कशी उतरवायची हे भांडारीला कोण विचारत होतं? ते परीक्षा घेत नव्हते. त्यांना आठवत नव्हतं.

चाळणी उठली आणि सरळ धाकटीपुढे जाऊन उभी राहिली.

“ते रोज स्वतःच पुसत होते ना?”

धाकटीने एकदाच तिच्याकडे बघितलं. मग पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि तिच्या हातात ठेवली.

पहिल्या पानावर लिहिलं होतं: माझं टेबल खिडकीजवळ. शेजारी बसते ती धाकटी, माझी विद्यार्थिनी, तिला कामाचं सांगितलेलं आहे. त्याखाली मोठ्या अक्षरात: सकाळी लिहिलेलं संध्याकाळी मला समजलं नाही तर ठेवायचं नाही. बाळाचं वजन सातशे ग्रॅम असतं. मूळ प्रत उतरवून मगच घरी जायचं.

“मला शपथ घातली होती त्यांनी,” धाकटी हुंदके देत म्हणाली. “म्हणाले, मी प्रयत्न करत राहणार, पण माझ्यावर विसंबू नकोस, तू नवी फाइल घेऊन तुझं तू लिही. आणि कुणाला सांगू नकोस. घरी बसवतील, आणि घरी बसलो तर उरलंसुरलंही जाईल. ताई, मी त्यांना मदत केली की... की मी वाईट केलं?”

चाळणीने पोरीला जवळ घेतलं. दोघीही रडल्या, आणि आजूबाजूच्या टेबलांवरचे कीबोर्ड एकेक करून थांबले.

पण खरी अडचण आत्ता कुठे सुरू होत होती. भांडारीला वाचवायचं तर हे सगळं साहेबांपुढे मांडावं लागणार होतं. मांडलं की अख्ख्या कचेरीला कळणार की अण्णांनी आठ महिन्यांत एक अक्षर मागे ठेवलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि वहिनी उद्या येणार होत्या.

६

बुधवारी बाराला साहेबांच्या खोलीत चौघं होती: साहेब, भांडारी, धाकटी आणि चाळणी. टेबलावर तो कागद, शेजारी उघडं पेन.

चाळणीने सगळं सांगितलं, काही आडपडदा ठेवला नाही. सफाईची अकरा वेळा केलेली परीक्षा, धाकटीच्या त्र्याहत्तर पायऱ्या, पाचची हाक, एकशे अडुसष्ट संध्याकाळचे ठसे. शेवटी वही ठेवली. साहेबांनी पहिलं पान दोनदा वाचलं.

“मी रोज त्यांच्या टेबलावरून जायचो,” ते म्हणाले. “रोज म्हणायचो, काय अण्णा, जोरात चाललंय! ते हात वर करायचे.”

त्यांनी कागद फाडायला उचलला. तोच भांडारीने तो धरला.

“थांबा, साहेब. सही करा.”

“अरे, तू निर्दोष आहेस!”

“ते या खोलीत कळलं, पुरे झालं. बाहेर सांगा की माझ्या हातून फाइल गेली.” त्याने पेन साहेबांपुढे सरकवलं. “मी काय, दुसरीकडे कुठे तरी भांडार सांभाळीन. अण्णांना दुसरं नाव कुठून मिळणार? लोक म्हणतील, आठ महिने नुसते बसून होते. मी ते ऐकून घेणार नाही.”

“वेडेपणा करू नकोस,” चाळणी म्हणाली.

“वेडेपणा तर वेडेपणा. मला प्रोग्रॅम लिहायला शिकवणारा माणूस मला विचारत होता, आणि मी टेचात उत्तरं देत होतो. एवढं तरी करू द्या.”

“नाही हो, भाऊजी.”

दार अर्धवट उघडं होतं. वहिनी हातात रिकामी पिशवी घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. धाकटी धावत गेली, त्यांना खुर्चीत बसवलं. साहेब उभे राहिले.

“मला डबे दिसत होते,” वहिनी म्हणाल्या. “आंधळी नव्हते मी. एकदा मला म्हणाले, अहो बाई, या घरात एक बाई असायची, ती कुठे गेली? दुसऱ्या क्षणी हसले, म्हणाले गंमत केली. मीही हसले. त्यांना वाटत होतं मला कळलं नाही, म्हणून मी कळू दिलं नाही.” त्यांनी डोळे पुसले नाहीत. “कागद फाडा, साहेब. भाऊजींच्या चुकीखाली यांना लपवायचं नाही. यांनी रोज दिवसभर लिहिलं आणि रोज स्वतःच्या हाताने पुसलं, का, तर कुणाचं बाळ दगावू नये म्हणून. हे खाली मान घालून सांगायचं असतं का? बाहेर जाऊन मोठ्याने सांगा.”

साहेबांनी कागद फाडला. भांडारी तोंड झाकून ढसाढसा रडला. वहिनींनी वही उचलली, मांडीवर घेतली, आणि चाळणीकडे वळल्या.

“तुझ्याकडे रोजचं सगळं टिपलेलं आहे ना?”

“आहे, वहिनी.”

“मग एक सांग. एकदाही जमलं नाही का गं त्यांना?”

खोटं बोलणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर कुणी पडताळून बघणार नव्हतं. कालची सगळी संध्याकाळ चाळणीने ते ‘नाही’ घोकलं होतं. पण वहिनी तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

“जमलं होतं,” ती म्हणाली. “एकदा. अडीच महिन्यांपूर्वी, गुरुवारी, दुपारी दोन चाळीसला. सगळं हिरवं. एकाही बाळाला थेंब कमी नाही, जास्त नाही. पूर्ण बरोबर.”

“कुठेय ते?”

“नाही कुठेच. नुसता ठसा आहे. संध्याकाळी तेही पुसलं त्यांनी.”

“बरोबर होतं तर पुसलं कशाला?” वहिनींचा आवाज पहिल्यांदाच फाटला.

“ते आले होते, वहिनी. माझ्या टेबलाशी. चार वाजले असतील. म्हणाले, ‘चाळणी, जरा येऊन बघतेस का? बरोबर वाटतंय, पण एकट्याच्या भरवशावर ठेवायचं धाडस होत नाही.’ मी दुसऱ्याच कामात होते. वर बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, ‘उद्या सकाळी पहिलं तुमचंच बघते, अण्णा.’ म्हणाले, ‘हो हो, घाई नाही.’”

“आणि सकाळी?”

“सकाळी गेले ना मी. आल्या आल्या गेले. विचारलं, ‘अण्णा, काल काय दाखवणार होतात?’” चाळणीने काचेतून खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघितलं. “ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, ‘काल? काल काही नव्हतं गं.’”